नास्तिक मुलगी, अज्ञेयवादी स्थळ

"अक्का, मुलगा अज्ञेयवादी आहे म्हणे. म्हणजे नेमकं काय हो? गोळ्याबिळ्या चालू असतात का त्याला?"

धारवाडच्या मालमड्डीतल्या आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवर शहाबादी फरशी बसवलेली आहे. वहिनी तिच्यावर मेथीची जुडी सोडून निवडत होत्या. काड्या त्यांच्या बाजूला, पानं पातेल्यात, आणि माती मात्र माझ्या अबोलीवर. स्थळ त्यांच्या पुण्याच्या भाचीसाठी आलेलं. मुलगा हुबळीचा, नोकरी बंगळुरात. घर चांगलं, आजी सिद्धारूढ मठाची वारी न चुकवणारी. सगळं जुळत असताना त्यानं धर्माच्या रकान्यात हे लिहून ठेवलेलं.

"गोळ्या नाही लागत त्याला," मी म्हटलं. "देव आहे की नाही ते आपल्याला माहीत नाही, असं म्हणतो तो."

"एवढंच? मग ते आमचे हेही म्हणतात. आणि आमच्या पोरीचं ऐका. तिनं सरळ 'नास्तिक' लिहिलंय. आता या दोघांचं जमायचं कसं? गुण कुठं बघायचे?"

कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी काढली की माणूस विद्वान होत नाही, पण कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात ते कळतं. शिवाय वहिनींनी विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही, असं या भिंतीवर सहसा घडत नाही. म्हटलं, वहिनी, हे दोन वेगळे पेपर आहेत. पहिल्या पेपरात प्रश्न एकच: देव आहे असं तू मानतोस का? दुसऱ्यात: देव आहे की नाही हे माणसाला कळू शकतं का? नास्तिक पहिला पेपर लिहितो, अज्ञेयवादी दुसरा. आणि एकाच मुलाला दोन्ही पेपरांना बसता येतं. 'मला कळत नाही, म्हणून मी मानत नाही' असं म्हणणारा दोन्हींत पास.

"आणि 'कळत नाही, पण मानतो' म्हणणारा?"

"तो तुमच्याच घरात आहे."

वहिनी हसल्या. त्यांचे यजमान दर शनिवारी नुग्गीकेरीच्या मारुतीला जातात. का जाता विचारलं तर म्हणतात, असला तर नमस्कार पोचतो, नसला तर सकाळचं फिरणं होतं. हा माणूस पक्का अज्ञेयवादी आहे आणि पक्का भक्तही. त्याला यातलं काही सांगायला जाऊ नका, नारळ फोडायचा थांबेल आणि प्रसादाचं खोबरं आपल्याकडे यायचं बंद होईल.

लोक समजतात की आस्तिक एका टोकाला, नास्तिक दुसऱ्या टोकाला आणि अज्ञेयवादी मध्ये तळ्यात-मळ्यात करत उभा. मला हे पटत नाही. ज्यानं हा शब्द इंग्रजीत आणला तो टी. एच. हक्सले काही भित्रा नव्हता. डार्विनच्या बाजूनं भर सभेत बिशपशी भांडलेला माणूस. 1869 मध्ये लंडनच्या एका विद्वत्मंडळात बसताना त्याच्या लक्षात आलं की भोवतीच्या प्रत्येकाकडे कुठल्या ना कुठल्या पंथाचं नाव आहे आणि आपणच बिननावाचे. म्हणून त्यानं स्वतःपुरतं नाव घडवलं. त्याचं म्हणणं साधं होतं: ज्याला पुरावा नाही ते मला ठाऊक आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, मग ते 'आहे' असो की 'नाही'.

बर्ट्रांड रसेलनं तर 1947 मध्ये हाच घोळ स्वतःबद्दल घातला. तत्त्वज्ञांच्या बैठकीत बोलायचं तर मी अज्ञेयवादी, कारण देव नाही हे मला सिद्ध करता येत नाही. रस्त्यावरच्या माणसाशी बोलायचं तर मी नास्तिक, कारण होमरच्या काव्यातले ग्रीक देव नाहीत हेही मला सिद्ध करता येत नाही, पण म्हणून मी त्यांच्याबद्दल साशंक आहे असं कोणी समजत नाही. माणूस तोच, मत तेच. समोर कोण बसलंय त्याप्रमाणे पाटी बदलली.

"म्हणजे आमची पोरगी रस्त्यावरची आणि तो मुलगा बैठकीतला," वहिनी म्हणाल्या. एवढ्यात त्यांनी मेथीतलं एक कोवळं पान तोंडात टाकलं. त्यांचं लक्ष लागलं की असं होतं.

हे सगळं विलायतेहून आलंय असंही नाही बरं. बुद्धाच्या काळात संजय बेलट्ठिपुत्त नावाचा एक आचार्य होता. परलोक आहे का? असं मी म्हणत नाही. नाही का? तसंही म्हणत नाही. बौद्ध ग्रंथांनी त्याची टर उडवलीय, हातातून निसटणाऱ्या वाम माशासारखा म्हणून. खुद्द बुद्धानंही जग अनंत आहे की नाही असल्या प्रश्नांना उत्तर दिलं नाही, पण त्याच्या गप्प बसण्याला कारण होतं: या उत्तरानं दुःख कमी होत नाही. आणि आपल्या जुन्या शास्त्रात नास्तिक म्हणजे वेद न मानणारा. त्यामुळे जगाचा कर्ता ईश्वर लागतच नाही म्हणणारे मीमांसक सोवळ्यात बसून आस्तिक राहिले. वहिनींना हे फार आवडलं. "म्हणजे देव नको पण होम पाहिजे! आमच्या सासरे मंडळींचं असंच होतं."

आता घरात एक मानणारा आणि एक न मानणारा असला तर संसार होतो का, हा खरा प्रश्न वहिनींचा. त्यावर मी आगरकर काढले. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा गरीब घरचा मुलगा, मिल आणि स्पेन्सर वाचून घडलेला. जगाच्या मुळाशी जे काही आहे ते माणसाच्या कळण्यापलीकडचं आहे, हे स्पेन्सरचं म्हणणं, आणि आगरकरांना अभ्यासक बहुतेक अज्ञेयवादीच म्हणतात. 1888 मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला आणि पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. लोकांना 'मला कळत नाही' आणि 'मी मानत नाही' यातला फरक कळला असता तरी त्यांनी ती काढलीच असती. कारण राग देवावरून नव्हता, विधवांच्या केशवपनावरून आणि बालविवाहावरून होता. आणि घरात? यशोदाबाई जुन्या वळणाच्या, सश्रद्ध. आगरकरांनी आपली मतं त्यांच्यावर लादली नाहीत.

"बरं झालं सांगितलंत," वहिनी म्हणाल्या. "हे मुलाच्या आजीला सांगता येईल."

मग गाडी डॉ. लागूंवर आली, कारण वहिनींनी 'पिंजरा' पाहिलेला आहे. श्रीराम लागू म्हणजे उघड, खणखणीत नास्तिक. देवाला आता निवृत्त करा, असं ते जाहीर सांगायचे. त्यांच्याच जोडीला एका व्यासपीठावर नरेंद्र दाभोलकर बसायचे, 'विवेकजागर' नावाच्या कार्यक्रमात, गावोगाव. लागू म्हणणार, देव नाही. दाभोलकर स्वतः मानत नव्हते, पण आपल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका म्हणून सांगणार, आमचं देवाशी भांडण नाही, देवाच्या नावानं कोणी लुबाडत असेल तर त्याच्याशी आहे. लोकांना वाटायचं दोघांत मतभेद आहे. होताच. पण तो देवाबद्दलचा कमी आणि समाजाशी कुठून बोलायला सुरुवात करायची याबद्दलचा जास्त. मला विचाराल तर या बाबतीत अज्ञेयवादापेक्षा दाभोलकरांचा हा तिसरा रस्ता जास्त उपयोगाचा. गावात उतरून काम करायचं तर तुम्हाला काय माहीत नाही यापेक्षा तुम्ही कशाच्या आड येताय ते लोक बघतात.

वहिनींचा हात थांबला. दाभोलकरांचं नाव निघालं की आमच्या गावात पुढचं नाव आपोआप येतं. 2013 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात ते, 2015 च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात गोविंद पानसरे, आणि त्याच वर्षी 30 ऑगस्टला, रविवारी सकाळी, इथं कल्याणनगरात एम. एम. कलबुर्गी. तिघांनाही गोळ्या घातल्या, कलबुर्गींना तर घराच्या दारात.

"ते कुठं हो नास्तिक होते? वचनांचे एवढे मोठे पंडित!"

तेच तर. कलबुर्गी सरांचं आयुष्य वचनसाहित्यात गेलं. हंपीच्या कन्नड विद्यापीठाचे कुलगुरू होते. मूर्तिपूजेवर ते बोलले, पण बसवण्णांनीही देवळांवर आठशे वर्षांपूर्वी तेच कोरडे ओढले होते, आणि बसवण्णांना नास्तिक कोण म्हणेल? गळ्यात इष्टलिंग असलेला माणूस देवळातला देव नाकारू शकतो. आमच्या लेखी नास्तिक, अज्ञेयवादी, देऊळ न मानणारा भक्त, चमत्कार न मानणारा श्रद्धाळू, हे चार वेगळे लोक. गोळी घालणाऱ्याच्या लेखी ते एकच. त्यामुळे शब्दांची ही चिरफाड फुकटची आहे असं मला कधी वाटत नाही. ज्याला वेगळं ओळखता येत नाही तो सगळ्यांना एकाच पोत्यात भरतो.

याच गावात जी. ए. कुलकर्णी राहायचे, काळा चष्मा लावून, इंग्रजी शिकवत. त्यांच्या कथांत देव फारसा मदतीला येत नाही, पण नियती मात्र घरच्यासारखी बसलेली असते. ते कुठल्या पेपराला बसले असते, कोण जाणे. बहुधा परीक्षेच्या हॉलकडे फिरकलेच नसते.

वहिनींनी विषय बदलला. "कायद्यानं चालतं का हो हे? फॉर्मवर धर्म लिहिला नाही तर लग्न लागतं?"

लागतं. हिंदू विवाह कायदा 1955 चा आहे, आणि हिंदू घरात जन्मलेला माणूस देव मानत नसला तरी त्या कायद्यापुरता हिंदूच. विधी नको असतील तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. तीस दिवस आधी नोटीस द्यायची आणि निबंधकाकडे सह्या करायच्या. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही सांगून टाकलं की सरकारी कागदावर अमुक धर्म लिहाच, अशी सक्ती कोणावर करता येत नाही. आणि 2011 च्या जनगणनेत साऱ्या देशात स्वतःला नास्तिक म्हणवणारे सुमारे 33 हजारच निघाले. धर्मच न सांगणारे मात्र 28 लाखांहून जास्त. त्यातले किती अज्ञेयवादी, किती कंटाळलेले आणि किती जणांचं घर मोजणाऱ्याला बंद सापडलं, हे त्या कागदांनाच ठाऊक.

"तेहतीस हजार? अय्यो, म्हणजे आमची पोरगी दुर्मीळच की!" वहिनींच्या आवाजात चक्क अभिमान होता. अर्ध्या तासापूर्वी याच शब्दावरून त्यांना घाम फुटला होता.

मग खरी बातमी बाहेर आली, जी त्या मेथीच्या जुडीखाली दाबून बसल्या होत्या. मुलांचं आधीच ठरलंय. अडलंय ते तारखेवर. पोरगी म्हणते पितृपक्षात करू, हॉल स्वस्तात मिळतो, आचारीही रिकामे असतात. मुलगा म्हणतो, पितृपक्षानं काही होतं की नाही मला माहीत नाही, मग उगाच कशाला, पुढे ढकलू.

"बघा," मी म्हटलं, "हा हक्सलेचा अज्ञेयवादी नाही. पुरावा नाही म्हणून घाबरायचं, हे हक्सलेनं शिकवलेलं नाही. हा आजीला घाबरतो."

"हौद्री, आजीला तर घाबरायलाच पाहिजे," वहिनी म्हणाल्या. "पण हॉलचे पैसे आमच्या भावाला भरायचेत. मी पोरीच्या बाजूनं. तुम्ही फोनवर त्या आजीशी आगरकरांचं तेवढं बोला, आणि पितृपक्षाचं मी बघते."

पातेलं उचलून त्या आत गेल्या. काड्या माझ्या बाजूला लोटून.