मोटर सोडण्यापूर्वी

सदर मार्गदर्शन कडेगाव व परिसरातील मोटर रिवायंडिंग व्यावसायिकांसाठी आहे. वेल्डर, गवंडी, प्लंबर, गॅरेजवाले आणि शिंपी यांनी आपापल्या धंद्याप्रमाणे शब्द बदलून वाचले तरी चालेल. पेट्रोलपंपवाल्यांनी वेळ घालवू नये. त्यांना हा आजार होत नाही.

प्रथम विषयाची व्याप्ती. आमचा भाग मूळचा दुष्काळी. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचललं, टप्प्याटप्प्यानं वर चढवलं, ताकारीचंही पाणी आलं, आणि जिथं ज्वारी पिकली तर पिकली अशी गत होती तिथं ऊस उभा राहिला. ऊस आला तशा मोटरी आल्या आणि मोटरी आल्या तशा त्या जळू लागल्या. एक फेज गेली की उरलेल्या दोनवर मोटर जोर लावत बसते आणि थोड्याच वेळात धूर काढते. शिवाय सगळ्यांनी ऑटो स्विच बसवलेले. लाईट आली की अख्ख्या शिवाराच्या मोटरी एका दमात उठतात आणि डीपी मान टाकतो. असो. जळालेली मोटर दुकानात येते, तिच्यामागून शेतकरी येतो, आणि त्याच्यामागून पैसे येतात अशी एक जुनी समजूत आहे.

नियम पहिला : गिऱ्हाईक पारखून घ्यावे. नवशिक्या कारागीर भांडखोर गिऱ्हाइकाला घाबरतो. घाबरू नये. जो माणूस दोनशे रुपयांसाठी तासभर हुज्जत घालतो, “विट्यात ह्याच्या निम्म्यात करत्यात” म्हणतो, दोनदा उठून पायरीपर्यंत जातो आणि परत येतो, तो पैसे देणार असतो. ज्याला द्यायचेच नाहीत तो कशाला घासाघीस करेल? घाबरावं ते पुढील वाक्याला : “पैशाचं काय बघू नगंस, काम तेवढं चांगलं कर.” हे वाक्य कानावर पडताच हातातला पाना खाली ठेवावा.

हे वाक्य म्हणणाऱ्या गृहस्थांना आपण तात्या म्हणू. तात्या प्रत्येक गावात आहेत. पांढरी टोपी, खिशाला पेन, खिशात दुसरं काही नाही. स्वभाव सोन्यासारखा. तुमच्या पोराच्या बारशाला येतात, तुमच्या वडिलांच्या दहाव्याला सगळ्यांच्या आधी येतात, आणि तुमच्या वहीत सतराव्या पानावर तीन वर्षांपासून मुक्कामाला असतात.

नियम दुसरा : अंदाजपत्रक लेखी द्यावे. तात्या चष्मा घरी विसरून येतात.

नियम तिसरा : काम चालू असताना गिऱ्हाइकाला दुकानात बसू देऊ नये. या नियमाचं महत्त्व कळायला सबमर्सिबलची वायंडिंग बघितली पाहिजे. तिची तार प्लास्टिकच्या वेष्टनाची असते आणि ती स्टेटरच्या खाचांतून ओवून काढावी लागते. इकडून एकानं ढकलायची, तिकडून दुसऱ्यानं ओढायची, परत फिरवून द्यायची, आणि वेढे मोजत राहायचं. वेष्टनावर नखाएवढा ओरखडा पडला तरी मोटर पाण्यात गेल्यावर बॉडीला करंट मारणार आणि सगळं काम पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत बोटांची सालं निघतात. तात्या अशा वेळी स्टूल ओढून समोर बसतात. पाऊस, सोसायटीची निवडणूक, कुणाची सोयरीक कुठं मोडली, असं सगळं सांगतात. माझा पोरगा चहाला गेला की आपण होऊन तारेचं दुसरं टोक धरतात, आणि धरतात बरं का व्यवस्थित. हात कसलेला आहे. त्यांच्यामुळं दिवस कसा गेला ते कळत नाही. मग बिल करताना म्हणतात, “माझी निम्म्या दिवसाची हजेरी वजा कर.”

आणि बिलात रस नसलेल्या या माणसाला जळक्या तारेचं वजन मात्र ग्रॅमपर्यंत पाठ असतं. जुनं तांबं बिलातून वळतं करायचा रिवाज आहे. तो तात्यांना पूर्ण मान्य आहे. त्या रिवाजाचा पुढचा भाग, म्हणजे उरलेली रक्कम, त्यांच्यापर्यंत अजून पोचायची आहे.

नियम चौथा : वायदा ऐकताना पंचांग जवळ ठेवावे. आमच्याकडं वायदे तीन प्रकारचे. “बाजारादिवशी देतो” हा सगळ्यात साधा, कारण बाजार दर आठवड्याला भरतो आणि कुठला बाजार ते सांगितलेलं नसतं. दुसरा, “मोहरम झाला की.” कडेगावचा मोहरम म्हणजे गगनचुंबी ताबूत, त्यांच्या भेटी, हिंदू-मुसलमान दोघांचे मान. अख्खं गाव त्यात गुंतलेलं असतं, तेव्हा त्याआधी पैशाची भाषा काढणं बरं दिसत नाही हे मलाही पटतं. आता मोहरम चांद्र पंचांगाप्रमाणं दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. म्हणजे दरवर्षी माझे पैसे दहा-अकरा दिवस आधी यायला हवेत. या हिशेबानं ३३ वर्षांत मोहरम सगळ्या ऋतूंतून फिरून परत मूळ जागी येईल. तात्यांचं वय आणि प्रकृती बघता ते तेव्हाही स्टुलावर असतील.

तिसरा वायदा राजा : “उसाचं बिल आलं की.”

याच्यावर जरा थांबतो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, नाही दिले तर सालीना १५ टक्के व्याज, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तात्यांना हे कलम तोंडपाठ आहे. कारखान्याच्या सभेत उठून ते त्यावर बोलतात आणि फार चांगलं बोलतात. १४ दिवस आणि १५ टक्के हा आकडा मी एकदा माझ्या वहीकडं बोट करून म्हणून दाखवला, तर म्हणाले, “ते कारखान्याला असतंय रं, आपल्या माणसात कुठं व्याज?”

पण तात्यांची बाजूही बघावी लागते. बिल निघतानाच त्यातनं विकास सोसायटीचं पीककर्ज वजा होतं. पाणीपट्टी कारखान्यातच कापून घेतात. त्याआधी तोडीच्या वेळी टोळीनं खुशाली आणि ट्रॅक्टरवाल्यानं एंट्री रोखीत उचललेली असते, नाही तर ऊस फडातच उभा. खतवाल्याला निम्मं तरी द्यावं लागतं, कारण पुढच्या लागणीला पोती लागणार. ज्या गाडीवाल्यानं बोअरमधून मोटर वर काढली, त्यानं तर ती जमिनीला टेकायच्या आत पैसे मोजून घेतलेले असतात, वर जेवण. आणि ज्यानं ती मोटर उघडून दोन दिवस तार ओढली तो रांगेत शेवटून दुसरा. माझ्यामागं फक्त मंडपवाला आहे. आम्ही दोघं भेटलो की एकमेकांच्या तोंडाकडं बघून हसतो.

रांग नीट निरखली की ध्यानात येतं, की ज्याला काही अडवून धरता येतं त्याला पैसे मिळतात. इथं कुणी म्हणेल, मग तुझ्या हातात मोटर आहे की!

नियम पाचवा, आणि हा कायद्याचा आहे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७०. ज्या कारागिरानं दुसऱ्याच्या वस्तूवर आपले कष्ट किंवा कसब खर्चून काम पुरं केलंय, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घ्यायचा हक्क आहे. यात दोन मेखा आहेत. पैसे नंतर द्यायचे असं आधीच ठरलं असेल तर हा हक्क सांगता येत नाही, आणि वस्तू एकदा हातातून सोडली की तो गेला. वस्तू विकून पैसे वसूल करायची मुभाही हे कलम देत नाही, फक्त ठेवून घेता येते. इंग्रजाच्या काळातला कायदा, पण रिवायंडिंगवाल्याला डोळ्यांपुढं ठेवून केल्यासारखा वाटतो.

आता हा कायदा एप्रिल महिन्यात वापरून बघावा. रात्री आठला तात्या येतात. रात्रपाळीची लाईट आहे, पोरगं बोअरवर जाऊन बसलंय, बारा दिवस पाणी नाही, उसाची पानं गुंडाळायला लागली आहेत. एक पान त्यांनी पुरावा म्हणून तोडूनच आणलेलं असतं. ते काउंटरवर ठेवतात आणि काही बोलत नाहीत. तिकडं मोटर तयार, टेस्ट झालेली. कलम १७० चं पुस्तक माझ्याकडं नाही, पान मात्र समोर. मोटर टेम्पोत चढते. चढवायला मी स्वतः हात लावतो. वर “स्टार्टर बदला तात्या, नाही तर परत जळंल” असा फुकटचा सल्ला देतो, आणि गरज लागेल म्हणून एक जुना कॅपॅसिटरही.

हा नियम ज्याला पाळता येतो त्यानं मला शिकवावा. शहरातल्या दुकानांत म्हणे पाटी असते, पैसे दिल्याशिवाय वस्तू मिळणार नाही. त्यांच्या दुकानात उसाचं पान घेऊन कुणी येत नसणार.

नियम सहावा : चेक घेऊ नये. घेतलाच आणि तो परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, मग पैसे भरायला १५ दिवस, आणि त्यानंतर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. तारखा चुकल्या की सगळं वाया. तात्यांकडं चेकबुक नाही, त्यामुळं हा नियम इतरांसाठी.

नियम सातवा : वहीवर सही घ्यावी. मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशी येणी तीन वर्षांत मागावी लागतात. त्या मुदतीच्या आत गिऱ्हाइकानं “इतके देणे आहे” असं लिहून तारखेसह सही केली तर मुदत नव्यानं सुरू होते. हे खरंच करून ठेवावं. सही मागताना वकिली चेहरा करू नये. पाडव्याला वहीपूजन झालं की पेढा पुढं करावा, वही पुढं करावी. तात्या सही आनंदानं करतात. त्यांची सही वळणदार आहे आणि ती लोकांना दाखवायला त्यांना आवडतं. माझ्या वहीत तिचे बरेच नमुने जमलेत.

नियम आठवा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो मला कुणी सांगितला नाही. उसाचं बिल वर्षातून दोन-तीनदा, पण दुधाचं बिल दर दहा दिवसांनी. उसाचं तात्यांच्या खात्यावर, दुधाचं काकींच्या हातात. तेव्हा तगादा दुकानात बसून फोनवर करू नये. तात्यांचा फोन लागतो तेव्हा ते पाचवड फाट्यावर असतात आणि आवाज येत नसतो. दुधाच्या बिलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, धारा उरकल्यावर, घरी जावं. पाहुणे बसलेले असतील तर पैशाचा विषय काढू नये, पाणी पिऊन परत यावं. हे पथ्य धंद्याचं नाही, माणुसकीचं आहे, पण फायदा धंद्याला होतो, कारण का आला होतास ते काकींना बरोबर कळतं. एकरकमी मागू नये. पाचशे मागावेत. काकी आत जाऊन डब्यातून पाचशे आणतात, आणि तात्या ओट्यावरून तुमच्याकडं असं बघतात की जणू तुम्ही त्यांच्या घरात फूट पाडलीत.

नियम नववा : स्कॅनर लावावा. “रेंज न्हाई” हे उत्तर त्याबरोबर मोफत मिळतं.

नियम दहावा : सरकारी योजनांवर लक्ष असावं. २०२४ च्या जुलैत साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली. चांगलं झालं, शेतकऱ्याच्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं. पण तेव्हापासून तात्यांच्या मनात एक शंका घर करून आहे. वीज माफ, मग त्या विजेनं जळालेल्या मोटरीचं कसं काय माफ नाही? मी म्हणालो, तसा जीआर आला की मला पहिला दाखवा. ते वाट बघतायत.

त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ चं. बलुतेदार वर्षभर राबायचा आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचा, त्या व्यवहाराची चांगली-वाईट सगळी अंगं त्यात आहेत. खळी गेली, बलुतं गेलं, तांब्याचा भाव रोज मोबाईलवर बदलायला लागला. तार मला रोखीनंच आणावी लागते. पण “आपलाच माणूस हाय, सुगीला बघू” हे खळ्यावरचं वाक्य तसंच राहिलं, आणि बलुत्यात निदान पेंढी तरी मिळत होती.

आता खरं सांगतो. मला तात्यांचा त्रास नाही. ते रोज दुकानात येतात, दिसतात, चहा पितात, पैसे कधी तरी येतील. त्रास आहे तो न दिसणाऱ्यांचा. अडीच-तीन हजार राहिलेला माणूस आधी मान खाली घालून दुकानासमोरून जातो. मग पलीकडच्या गल्लीनं जातो. त्याची मोटर परत जळते तेव्हा ती कराडला किंवा विट्याला जाते, आणि तिथं तो रोख मोजतो. म्हणजे तीन हजारही गेले, आणि ज्याच्या बोअरची खोली, केबलची लांबी, स्टार्टरची खोड मला पाठ आहे असा माणूसही गेला. लग्नात समोर आला तर पंगत बदलतो. अशी नावं वहीत आठ-दहा तरी आहेत, आणि त्यातला एकही लबाड नाही. नुसती लाज. म्हणून मागायचं ते पहिल्या महिन्यातच मागावं, रक्कम लाजण्याएवढी होण्याआधी.

त्या आठ-दहा जणांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्याला एवढंच सांगणं आहे. दुकान रात्री आठपर्यंत उघडं असतं. दोनशे असले तरी घेऊन या, नसले तरी या. तुमची मोटर कराडवाल्यानं कमी गेजच्या तारेत भरलीय, मला तिचा आवाज रस्त्यावरूनच कळतो, आणि ती या उन्हाळ्यात टिकणार नाही.