मुलचेरा जंक्शन : प्रकल्प अहवाल व मार्गदर्शक सूचना

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी जन्माला आला. तेव्हापासून आजवर जिल्ह्यात गाडी थांबते ते स्टेशन एकच : देसाईगंज, म्हणजे आमच्या तोंडी वडसा. तेही जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला. वडसा-गडचिरोली हा 52 किलोमीटरचा मार्ग 2011-12 साली मंजूर झाला. त्या वर्षी जन्मलेल्या पोराला आता मिसरूड फुटलं आणि मार्गाचं काम चालू आहे. मुलचेरा गडचिरोलीच्याही खाली, जंगलाच्या आत. आमचा नंबर लागेपर्यंत रेल्वे जमिनीवरून चालणं सोडून देईल अशी भीती वाटते.

अशा वेळी सुजाण नागरिकाने उपोषणाला बसू नये. स्वतःची रेल्वे काढावी. घरात. त्यासाठी नवशिक्यांना उपयोगी पडतील अशा सूचना अनुभवी माणसाने (म्हणजे एका कोंबडीकडून हरलेल्या माणसाने) खाली दिल्या आहेत. मोठ्या रेल्वेचे टप्पे छोट्या रेल्वेलाही चुकत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

टप्पा पहिला : अभ्यास दौरा

कुठलाही प्रकल्प दौऱ्याशिवाय सुरू होत नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. ते 1998 साली 1 एप्रिलला सुरू झालं. तारखेवर जाऊ नका, काम एकदम गंभीर आहे. सिग्नल पडतात, फाटकं लागतात, गाड्या आपापल्या वेळेला सुटतात. मुलचेऱ्याहून तिथे जायचं तर आधी एसटीने आष्टी, वैनगंगेचा पूल, गोंडपिपरी असं करत बल्लारशाह गाठावं लागतं आणि मग गाडी. म्हणजे खेळण्यातली रेल्वे पाहायला खरी रेल्वे, खरी रेल्वे पाहायला एसटी. एवढा वेळ नसेल तर नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, 2002 सालचं. ते आमच्यासाठी जास्त महत्त्वाचं. का, ते पुढच्या टप्प्यात.

टप्पा दुसरा : प्रमाण ठरवणे

इथे नवशिका हमखास आपटतो. त्याला वाटतं, गाडी घ्यायची आणि पळवायची. बाबा रे, आधी भागाकार.

जगात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे 1:87. खऱ्या वस्तूला 87 ने भागलं की आपली वस्तू. बल्लारशाहवरून जाणाऱ्या ग्रँड ट्रंक एक्सप्रेसचा एक नवा डबा साडेतेवीस मीटरचा. भागाकारानंतर 27 सेंटिमीटर. असे 22 डबे जोडले की गाडी 6 मीटर होते. आमची बैठक तेवढी लांब नाही. इंजिन स्वयंपाकघरात पोचेल तेव्हा गार्ड अंगणात असेल.

दुसरी अडचण रुळांच्या रुंदीची. भारतातली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. भागा 87 ने : 19.3. पण बाजारात मिळतो तो एचओचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 च्या मापाने बनतो. म्हणजे आपली ब्रॉडगेज तिथे पावणेतीन मिलिमीटर अंग चोरून उभी राहते, आष्टीच्या बसमध्ये तिसऱ्या सीटवरचा माणूस बसतो तशी. जाणकार हे पाहून सुस्कारा सोडतात आणि चालवून घेतात.

आता मोतीबागेचं महत्त्व. आमच्या भागाची खरी गाडी नॅरोगेज. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. गोंदिया-चांदा फोर्ट नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाला. नागपूर-नागभीडची छोटी गाडी 1908 पासून थेट नोव्हेंबर 2019 पर्यंत धावली. त्या 762 ला 87 ने भागा : 8.76. आणि एन गेजचा रूळ बाजारात सहज मिळतो, तो बरोबर 9 मिलिमीटरचा! पाव मिलिमीटरचा फरक. एवढा तर कुठल्याही शासकीय मोजणीत माफ असतो. थोडक्यात, डबे 1:87 चे, रूळ एन गेजचा आणि गाडी नागभीडची. जे मोठ्या रेल्वेने गुंडाळलं ते छोट्या रेल्वेत चपखल बसतं.

टप्पा तिसरा : भूसंपादन

जागा लागते 4 फूट बाय अडीच फूट. 12 मिलिमीटरचा प्लायवूड, खाली बत्त्यांची चौकट. 9 मिलिमीटरच्या रुळाचं वळण 25 सेंटिमीटर त्रिज्येचं धरलं तर लंबगोल एवढ्यात आरामात मावतो. पहिल्या वेळी लंबगोलच करा. त्यात एक सांधा आणि एक साइडिंग, बस. नवशिक्याला पहिल्याच दिवशी इटारसी जंक्शन काढायचं असतं आणि सहा महिन्यांनी त्याच्याकडे एक फळी, सात सांधे आणि कंबरदुखी शिल्लक राहते.

ही फळी ठेवायला छपरीतली बाज उत्तम. अडचण एवढीच, की तिच्यावर उन्हाळ्यात कुरड्या वाळतात आणि पावसाळ्यात कपडे. तेव्हा कब्जेदाराशी वाटाघाटी करा. 2013 च्या कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला मिळू शकतो, ही माहिती मी घरी उत्साहाने सांगितली. ती सांगायला नको होती. एका बाजेच्या बदल्यात मला दिवाण, गादी आणि भिंतीतलं कपाट द्यावं लागलं.

टप्पा चौथा : वनविभाग

बाहेरचे हौशी लोक फळीसाठी लाकूड शोधत फिरतात. आमच्या शेजारी आलापल्ली. तिथल्या सागाचं नाव अयोध्येच्या मंदिराच्या दारांपर्यंत गेलं. साहजिकच मनात येतं, आपण सागाचीच चौकट करू. करा, पण डेपोची पावती आणि वाहतूक परवाना जपून ठेवा. "साहेब, हे खेळण्यातल्या रेल्वेसाठी आहे" हे वाक्य नाक्यावर जितकं खरं असतं तितकंच ते खोटं वाटतं. मी प्लायवूड आणला.

झाडं मात्र स्वतः करा. परदेशी डब्यातून येतात ती सूचिपर्णी झाडं, बर्फासाठी जन्मलेली. आपला 30 मीटरचा साग 87 ने भागला तरी चौतीस सेंटिमीटर होतो, म्हणजे फूटभराहून उंच. आपली गाडी त्याच्या गुडघ्याशीही येत नाही, आणि तेच खरं चित्र आहे. तुळशीच्या वाळलेल्या काड्या खोड-फांद्यांना, आरामशीनवरचा भुसा हिरव्या रंगात भिजवून पानांना. रुळाखाली खडी म्हणून दीना नदीची बारीक रेती चाळून, डिंकाच्या पाण्याने बसवा. एक तांब्या पुरते. त्याहून जास्त आणाल तर रेतीघाटाचा लिलाव आठवा. रस्त्याला रंग द्यायची गरज नाही. लोहखनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्यालगत फळी दोन दिवस ठेवली की लाल धूळ आपोआप बसते.

एक गोष्ट थट्टा बाजूला ठेवून सांगतो. रुळाखालून एक मोकळी वाट जरूर ठेवा. 2018 साली गोंदिया-चांदा फोर्ट मार्गावर गाडीखाली वाघाचे 3 बछडे गेले. 1:87 मध्ये मोठा वाघ दोन-अडीच सेंटिमीटरचा होतो; त्याच्यासाठी काडेपेटीएवढा बोगदा पुरे. मोठ्यांना जे उशिरा सुचतं ते लहानांनी आधी करावं.

मागचा पडदा रंगवायला दूर जाऊ नका. वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. तिथे डोंगर, राजवाडा, पोलीस ठाणं, सगळं कापडावर तयार असतं. माझ्या पडद्यावर जंगल मागितलं होतं. रंगाऱ्याने सवयीने एका कोपऱ्यात कोर्टाचा पिंजराही काढून दिला. मी तो तसाच ठेवला आहे. भूसंपादनाचे खटले कुठेतरी चालायला हवेतच.

टप्पा पाचवा : वीज

छोटी रेल्वे 12 व्होल्टच्या डीसीवर चालते. दोन्ही रुळांतून प्रवाह, चाकं मधे विलग. तारा उलट्या जोडल्या की गाडी उलटी जाते. मीटर-मीटरवर रुळाला तार डाखली तर लांबच्या टोकाला गाडी दमत नाही. आता मुलचेऱ्यातला कुठलाही हुशार माणूस म्हणेल, "12 व्होल्ट ना भाऊ? मग ट्रॅक्टरची बॅटरी लावून द्या ना!" देऊ नका. व्होल्ट तेवढेच असले तरी रुळांवर एक खिळा आडवा पडला की त्या बॅटरीतून एवढा करंट येतो की तारेचा धूर होतो. मधे फ्यूज आणि कंट्रोलर हवाच.

आणि वेग! नवशिका मूठ पिरगाळतो आणि नागभीडची गाडी वंदे भारत होते. नॅरोगेज ताशी 30 किलोमीटरने जायची. आपल्या फळीवर ते सेकंदाला साधारण 10 सेंटिमीटर. मुंगळ्याशी शर्यत लावा. गाडी पहिली आली तर तुमचं चुकतंय.

उन्हाळ्यात रुळांच्या सांध्यांत बारीक फट सोडा. आमच्याकडे मे महिन्यात टिनाच्या छपराखाली बसलेला माणूससुद्धा लांबतो, रूळ का नाही लांबणार? पावसाळ्यासाठी निकेल-सिल्व्हरचेच रूळ घ्या. लोखंडी रुळांवर पहिल्या आठवड्यातच तांबूस थर चढतो आणि गाडी अडखळते. शिवाय पावसाळ्यात पूर आला की रस्ते बंद होतात, पार्सल आलापल्लीला अडकतं. तेव्हा जोडणीचे सुटे तुकडे होळीआधीच मागवून ठेवा.

टप्पा सहावा : अपघात व चौकशी

चाचणीच्या दिवशी माझी छोटी झेडडीएम डिझेल, मागे चार डबे, सावकाश वळण घेत होती. बाहेर कोणीतरी धान पाखडत होतं. शेजारच्या कोंबडीला आत काहीतरी हलतंय हे दिसलं. ती बाजेवर चढली, नागभीडच्या फलाटावर उभी राहिली आणि मान वाकडी करून इंजिनाकडे बघू लागली. माझी अपेक्षा होती की ती बाजूला होईल. तिची अपेक्षा होती की इंजिन बाजूला होईल. रेतीच्या खडीत तिला एक दाणा दिसला. तिने पायाने दोनदा उकरलं. तेवढ्यात इंजिन तिच्या पायाला लागलं, चाकं जागच्या जागी गरगरली, आणि तिने ते चोचीत धरायचा प्रयत्न केला.

चौकशीत निष्पन्न झालं : (1) फाटक बसवलं नव्हतं, (2) खडीत तांदळाचे दोन दाणे मिसळलेले होते, (3) मुख्य अभियंता चहा पीत होता. कोंबडी निर्दोष सुटली. मोबदला म्हणून तिच्या मालकिणीने दोन अंडी मात्र दिली, ती अभियंत्याच्या वाट्याला आली.

टप्पा सातवा : उद्घाटन

उद्घाटनाला शेजारच्या ठाकुमांना (ठाकुमा म्हणजे बंगालीत आजी) बोलावलं. मुलचेरा तालुक्यात बंगाली वस्त्या आहेत; पूर्व पाकिस्तानातून आलेली माणसं साठच्या दशकात इथे वसली. ठाकुमा तेव्हा लहान होत्या. बंगालहून गाडीने रायपूरपर्यंत, मग माना कॅम्प, मग ट्रक, मग हे जंगल. गाडीत बसल्याचं त्यांना अजून आठवतं, कारण त्यानंतर त्या गाडीत बसल्याच नाहीत.

त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. गाडी दोन फेऱ्या फिरली. मग फलाटावरची पिवळी पाटी वाचली.

"नागभीड? आमचं स्टेशन कुठे आहे, दादा?"

मी सांगितलं, आपल्याकडे रेल्वे नाही ना, म्हणून इतिहासाला धरून नागभीड केलं.

"रूळ तुझे, गाडी तुझी, बाज तुझी. आणि मुलचेऱ्याला तूच गाडी थांबवत नाहीस?"

या प्रश्नाला कुठल्याही रेल्वे मंत्रालयाकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नव्हतं. मंजुरीची वाट पाहायची सवय आम्हाला इतकी लागली आहे, की स्वतःच्या बाजेवरसुद्धा आम्ही स्टेशन मागून घेतो.

त्याच दिवशी नवी पाटी केली. पिवळी पट्टी, काळी अक्षरं. वर मराठीत मुलचेरा, मग हिंदीत मुलचेरा (हा खर्च टाळता आला असता, पण नियम म्हणजे नियम), मग इंग्रजीत. ठाकुमांच्या आग्रहाने चौथी ओळ बंगालीत. ती त्यांनी स्वतः लिहिली, टोकदार काडीने, शेवटची रेघ पाटीच्या बाहेर गेली. खाली उंची : समुद्रसपाटीपासून बाजेइतकी.

मग गाडी सोडली. ती सावकाश वळण घेऊन आली, मुंगळ्याच्या मागून, बरोबर पाटीसमोर आली, आणि वीज गेली.

छपरीत अंधार. कोणी उठलं नाही. "थांबली ना?" ठाकुमांनी विचारलं.

"थांबली."

"मग असू दे थोडा वेळ."