चौथ्याचा हात

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे चौघांचा गट. एक कोड लिहितो, दुसरी रात्र जागून अहवाल टाइप करते, तिसरा ब्लॅक बुकच्या बाइंडिंगला धावतो आणि चौथा ‘मॉरल सपोर्ट’ देतो. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत नावं मात्र चौघांची. (आडनाव ‘अ’वरून असेल तर चौथा सर्वांत वर.)

मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून १९१३ साली लिहून ठेवलं, की हात वाढले की प्रत्येकाचा जोर घटतो. त्याच्या दोराला निदान ताणमापक तरी होता. आपल्याकडे गाइडची सही असते, तीही सहा महिन्यांच्या लॉगबुकवर एकाच दुपारी, एकाच पेनाने.

खरं तर उपाय अवघड नाही. व्हायव्हाला चिठ्ठी काढून कुणालाही कुठलंही प्रकरण विचारावं आणि गुण ज्याचे त्याला द्यावेत. पण मग निकाल घसरतो, पाठोपाठ पुढच्या वर्षीचे प्रवेश. त्यापेक्षा बाहेरून आलेले परीक्षक बटाटेवडा संपवत विचारतात, “तुमच्यात लीडर कोण?”

चौथा हात वर करतो.