उष्टावणाचा दरबार

सहा महिने केवळ मातेच्या दुधावर निर्वेधपणे वाढलेले अर्भक ज्या दिवशी मामाच्या मांडीवर बसून सोन्याच्या अंगठीने खिरीचे पहिले बोट चाखते, त्या दिवसापासून त्याच्या जठराचा कारभार आजी, आत्या आणि शेजारीण यांच्याकडे वर्ग होतो; ज्याचे जठर, त्याची कैफियत मात्र कोणीच दफ्तरी लावून घेत नाही. अन्नप्राशनास मनुस्मृतीने सहावा महिना सांगितला आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही सहा महिन्यांचीच मुदत मुक्रर केली, हे मतैक्य दुर्मीळच. परंतु त्याआधीच मधाचे बोट चाटविण्याचा वहिवाटी हक्क सांगणारी मंडळी घरोघरी असतात, आणि वर्षाच्या आतील बालकास मधामुळे बोटुलिझमची विषबाधा होऊ शकते असे सुचविणाऱ्या सुनेवर ‘आम्ही काय मुले वाढवली नाहीत?’ हा हुकूमनामा तत्काळ बजावला जातो. वरणावरचे निवळ पाणी ‘ताकदीचे’ म्हणून बाळाला पाजावे आणि खालची डाळ थोरांनी भुरकावी, हा तर सर्वमान्य शिरस्ता! दोन वर्षांखालील मुलांच्या डबाबंद आहाराच्या जाहिरातींवर १९९२ चा कायदा व त्याची २००३ ची दुरुस्ती यांनी बंदी आणली. शेजारणीच्या जाहिरातीस मात्र कोणतेही कलम लागू पडत नाही. तेव्हा मंडळी, मऊ भात आणि ती खालची डाळ तूप घालून नीट कुसकरा, आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू राहू द्या, आणि बाळाने तोंड फिरविले की बैठक तहकूब करा.