टायमिंगराव

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हसण्यावर कर नाही, पण ऑडिट आहे.

ते करतात चौथ्या मजल्यावरचे काका. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी वाचायची वेळ फक्त कुरिअरवाल्यावर येते. बाकी अख्खी बिल्डिंग त्यांना टायमिंगराव म्हणते. पाठीमागे, अर्थात. तोंडावर काकाच. एका बँकेच्या तपासणी विभागात त्यांची तीस वर्षं व्हाउचरांवर हिरव्या शाईनं टिक मारण्यात गेली. निवृत्तीच्या दिवशी बँकेनं शाल-श्रीफळ दिलं. हिरवं पेन ते स्वतःच घेऊन आले. महिनाभर ते पेन नुसतं खिशाला होतं. मग त्यांना विनोद सापडला, आणि टिक मारणारा माणूस टीका करू लागला.

सोनी मराठीवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ लागली की काका दोनशे पानी वही मांडीवर घेतात. वहीला स्केचपेननं आखलेले रकाने आहेत: पंच, पॉज, हशा, शेरा. हशाच्या रकान्यात पुन्हा दोन पोटरकाने, ‘खरा’ आणि ‘भरलेला’. शेजारी काकू. समीर चौघुले नुसते विंगेतून डोकावले तरी काकू आधीच पदर तोंडाला लावतात, आणि पुढची दहा मिनिटं त्यांचे खांदे गदगदत असतात. काका त्यांच्याकडे सही नसलेल्या व्हाउचरकडे बघावं तसं बघतात. परीक्षकांच्या खुर्चीतल्या प्रसाद ओक आणि सई ताम्हणकरांवरही त्यांचा जुना आक्षेप आहे. “परीक्षकच हसायला लागले तर तपासायचं कुणी?”

स्वतः काका हसत नाहीत. फार आवडलं तर नाकातून हवा सोडतात. दोनदा सोडली तर समजावं, पुरस्कार मिळाला.

त्यांना विनोद सांगणं म्हणजे कर्जाचा अर्ज भरणं. मागे लिफ्टमध्ये मी एक किस्सा सांगण्याची चूक केली. माझा किस्सा दुसऱ्या मजल्याला संपला. तिसरा मजला शांततेत गेला. चौथ्याला दार उघडल्यावर काका म्हणाले, “शेवटच्या वाक्यात ‘आणि मग’ म्हणालास ना, तिथं घाण केलीस. पंचच्या आधी भरताड शब्द नको. परत सांग.” मी परत सांगितला. दार दोनदा बंद होऊ पाहत होतं. “आता टायमिंग बरं आहे,” काका म्हणाले, “पण आता तो मला माहीत आहे.”

रविवारी सकाळी त्यांच्याकडे पोहे असतात आणि पोह्यांबरोबर वाद. प्रतिपक्ष ठरलेला, त्यांची भाची. ती अंधेरीला जाहिरातीच्या ऑफिसात काम करते आणि शुक्रवारी रात्री कुठल्या तरी कॅफेच्या पोटमाळ्यावर ओपन माइकला पाच मिनिटं उभी राहते. मी दोन्ही पक्षांचा पोहेखाऊ.

“स्टँडअप म्हणजे काय गं?” काका सुरुवात करतात. “एक माइक, एक स्टूल, स्टुलावर पाण्याची बाटली आणि आईची नालस्ती. अगं, आमच्याकडे कीर्तनकार दोन-दोन तास एकटे उभे राहायचे. उत्तररंगात दहा पात्रांचे आवाज काढायचे, पुढे बसलेल्याची फिरकी घ्यायचे. शंकर पाटील, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करत हिंडले. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं बावन्न पात्रं उभी केली. बावन्न! तुमच्या पोरांना एक पात्र जमतं, आणि ते म्हणजे ते स्वतः.”

“मामा, तेच तर अवघड आहे,” भाची म्हणाली. “बावन्न जणांच्या मागे लपता येतं. स्किट पडलं तर लेखकावर ढकलता येतं, विगवर ढकलता येतं, समोरच्यानं क्यू दिला नाही म्हणता येतं. मी पडले तर मीच पडते.” मग तिनं मागच्या शुक्रवारची हकिकत सांगितली. प्रेक्षक अकरा. त्यातले सात आपापल्या नंबरची वाट बघत बसलेले कॉमेडियन. उरलेले चार कॉफी प्यायला आलेले. त्यांना ‘मॅडम, वर कार्यक्रम आहे’ म्हणून वर पाठवलेलं. तिच्या पहिल्या विनोदाला कुणी हसलं नाही. दुसऱ्याला भिंतीवरचा पंखा किरकिरला. तिसऱ्याला एकजण हसला, पण त्याच्या हातात मोबाइल होता.

काकांचं पेन यावेळी हललं नाही. “पंख्यासाठी थांबलीस का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“थांबायचं. किरकिर झाली की त्याच्याकडे बघायचं, दोन मात्रा. हशा पंख्यानं आणला असता, खात्यावर तुझ्या जमा झाला असता.”

भाचीनं ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं. माझ्या मते त्या घरात काकांना मिळालेली ती पहिली टिक.

स्किटविषयी मात्र दोघांचं जमत नाही. खरं तर काका स्किटच्या बाजूचे. तमाशातली बतावणी हे त्यांचं माहेर. दोघंतिघं, हातात फार तर एक काठी, आणि गावातल्या पाटलापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांची सालं काढायची. दादा कोंडके ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये वसंत सबनिसांच्या संहितेत रोजच्या पेपरातली बातमी कशी घुसवायचे, हे सांगताना काका पोहे विसरतात. पण टीव्हीवरच्या स्किटवर त्यांचे आक्षेप तयार असतात. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ ला सुरू झालं तेव्हा ते खूश होते. मग त्यात पोस्टमनकाका पत्र वाचायला लागले आणि प्रेक्षक डोळे पुसायला लागले. काकांना ते सहन झालं नाही. “विनोदाच्या खात्यात अश्रू का जमा करता? वेगळं खातं उघडा.” आणि साडी! त्या कार्यक्रमातल्या थुकरटवाडीत पुरुषांनी साडी नेसली की काका चॅनल बदलतात. सोपा हशा, म्हणे.

इथं भाचीनं त्यांना पकडलं. कारण काकांचं दैवत ‘मॉन्टी पायथन’. बीबीसीवर १९६९ ते १९७४, एकूण पंचेचाळीस भाग. सगळे एका पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह देवघराच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याजवळ. पायथनवाल्यांचा मोठा पराक्रम काकांच्या मते हा, की त्यांनी शेवटचा पंचच काढून टाकला. विनोद संपत आला की टेरी गिलियमचं चित्र, वरून एक भलामोठा पाय येणार, धप्प, पुढचं सुरू. “शेवट जमत नसेल तर शेवट करायचाच नाही, हे धाडस आपल्याकडे कुणात आहे?” आणि लगेच, ऑडिटरच्या प्रामाणिकपणानं, “तसं म्हणशील तर स्पाइक मिलिगननं ‘क्यू फाइव्ह’मध्ये हे आधी केलं. मार्च १९६९. पायथन ऑक्टोबर १९६९. सात महिन्यांचा फरक आहे.”

“पण मामा,” भाची म्हणाली, “पायथनवाले भागाआड झगे घालून, चिरक्या आवाजात म्हाताऱ्या होतात. ते तुम्हाला चालतं?”

“ते व्यंग आहे.”

“म्हणजे लंडनला झगा घातला की व्यंग आणि थुकरटवाडीत साडी नेसली की सोपा हशा?”

काका उठून पाणी प्यायला आत गेले. बराच वेळ गेले. काकू आतून म्हणाल्या, “माठ इकडे आहे, तुम्ही गॅलरीत काय शोधताय?”

पण माघार त्यांच्या स्वभावात नाही. ते परत आले ते दिवाणाखालचा गठ्ठा घेऊन. हा गठ्ठा म्हणजे काकांचा मुख्य सिद्धांत. विनोद म्हणजे ताल. पंच म्हणजे सम. समेवर येण्याआधी ज्याला खाली दाखवता येत नाही त्यानं बोलू नये. म्हणून ज्याला विनोद कळायचाय त्यानं विनोदी अंक वाचू नयेत, संगीताची मासिकं वाचावीत. गठ्ठ्यात सुतळीनं बांधलेले गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘संगीत कला विहार’चे अंक आहेत, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून आणलेले ‘एनएमई’ या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकाचे अंक आहेत, आणि ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ आहे. त्याच्या मुखपृष्ठावरचे केस वाढवलेले तरुण भास्करबुवांवरच्या लेखाला पाठ टेकून पडलेले असतात. काका दोन्ही तितक्याच गांभीर्यानं वाचतात. त्यांना रॉक आवडतं का, हे मला आजवर कळलेलं नाही. त्यांना रॉकचं परीक्षण आवडतं.

“पुरावा हवाय?” काका म्हणाले. “पु. ल. पेटी वाजवायचे. पीटर सेलर्स आधी ड्रमर होता. आणि हे बघ.” त्यांनी पिवळ्या पडलेल्या एका अंकावरची धूळ झटकली; ती माझ्या पोह्यांवर बसली. हाथरसचं ‘संगीत’. १९३५ पासून निघणारं हिंदी मासिक. “ते कुणी काढलं? काका हाथरसींनी! कविसंमेलनात हजारो माणसांना हसवणारा माणूस, आणि घरी येऊन तबल्याचे बोल छापायचा. भातखंड्यांचे मराठी ग्रंथ हिंदीत त्याच्याच छापखान्यानं नेले. जन्म १८ सप्टेंबर, मृत्यूही १८ सप्टेंबर. ह्याला म्हणतात टायमिंग!”

एका माणसाला मृत्यूबद्दल इतके मार्क मिळालेले मी प्रथमच पाहिले. पण गोष्ट खरी आहे, आणि मला ती आवडलीही. ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ही १९९३ ला निघालं ते मुंबई-बंगळूरहून नाही, अलाहाबादहून. यावरून काकांनी नियम काढलाय: संगीताचं मासिक काढायचं तर उत्तर प्रदेशात जावं, तिथं दुसरा आवाज फार, त्यामुळे लिहून कळवावं लागतं.

“आता कोण वाचतं मामा हे,” भाची म्हणाली. “गाणं दोन सेकंदात ऐकता येतं. परीक्षण कशाला?”

इथं काका खरंच शहाण्यासारखं बोलले. म्हणाले, कॅसेट आधी विकत घ्यावी लागायची, मग ऐकायला मिळायची. खिशात एका कॅसेटचे पैसे. चुकीची निघाली तर महिनाभर तीच ऐकायची. म्हणून परीक्षण लिहिणाऱ्याच्या अंगावर जबाबदारी होती; त्याच्या एका शब्दावर अलाहाबादच्या पोराचा पॉकेटमनी जायचा. आता ऐकणं फुकट, म्हणून मतही फुकट. ‘एनएमई’ १९५२ पासून दर आठवड्याला निघत होतं. शेवटी २०१५ ला ते फुकट वाटायला लागले आणि २०१८ ला छापील साप्ताहिक बंद पडलं. “फुकट हशा आणि फुकट मत,” काका म्हणाले, “दोन्ही भरलेले.” वहीत त्यांनी स्वतःच्याच वाक्याला टिक मारली. तिथं मात्र मला हसू आलं. त्यांनी ते ‘खरा’ या रकान्यात टाकलं असावं, कारण पेन दोनदा हललं.

गेल्या महिन्यात भाचीनं ठाण्याच्या एका छोट्या हॉलमधल्या मराठी स्टँडअपचे तीन पास पाठवले. काका, काकू आणि मी. तिनं मुद्दाम केलं की चुकून, देव जाणे, पण पास पहिल्या रांगेचे होते. पहिली रांग म्हणजे बळीचे बकरे, हे मला माहीत होतं. काकांना नव्हतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला हिरवं पेन लावून, मांडीवर वही घेऊन बसले.

पोरगा विशी-पंचविशीतला. चांगला होता. आईवर सुरू झाला, लोकलवर आला, लग्नावर जाणार तेवढ्यात त्याची नजर हिरव्या पेनावर पडली.

“काका, काय करता?”

“निवृत्त.”

“आधी?”

“बँकेत. तपासणी.”

“ऑडिट! अरे वा. आणि आता कसलं ऑडिट करता काका?”

काकांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. हॉल गप्प. मी मनात मात्रा मोजत होतो. काकांमुळे ही खोड मलाही लागली आहे.

“तुमचं,” काका म्हणाले.

हॉल फुटला. मागच्या रांगेत कुणीतरी खुर्चीवर हात आपटत होतं. काकूंचा पदर कधीच तोंडाशी गेलेला. पोरगा चतुर, त्यानं वाकून वहीच मागितली. काकांनी दिली, तपासणीची कागदपत्रं मागितल्यावर द्यायची असतात. आणि तो वाचायला लागला: “आठ-बारा: पंच उशिरा. आठ-चौदा: आई, तिसऱ्यांदा. आठ-पंधरा: हशा खरा, पण डावीकडचे नातेवाईक असावेत.” डावीकडून एक बाई ओरडल्या, “मावशी आहे मी त्याची!” त्यानंतर त्या पोराला पुढची पाच मिनिटं काही करावंच लागलं नाही.

परतीच्या लोकलमध्ये काका गप्प होते. दिव्याला म्हणाले, “हातचं सोडून लग्नावर गेला. मावशीवर थांबायला हवं होतं.”

आठवड्यानं ती क्लिप आली. सोसायटीच्या ग्रुपवर, बँकेच्या पेन्शनरांच्या ग्रुपवर, काकूंच्या भिशीच्या ग्रुपवर. वॉचमननं काकांना सलाम ठोकून “तुमचं” म्हटलं. रविवारी मी गेलो तर पोहे नव्हते. काका मोबाइल चष्म्याजवळ धरून बसले होते.

“बघ,” म्हणाले आणि क्लिप लावली. “आता कसलं ऑडिट करता काका?” आणि लगेच, “तुमचं.” हशा. काकांनी पुन्हा मागे नेली. या वेळी मोबाइल सतरंजीवर ठेवून गुडघ्यावर बोटानं ताल धरला.

“मी चष्मा काढला, एक. पुसला, दोन, तीन. लावला, चार. मग समेवर ‘तुमचं’. बरोबर?”

“बरोबर.”

“ह्यानं एकवर कापलंय. चष्माच नाही!” काकांचा आवाज चढला. “माझा पॉज खाल्ला रे त्यानं.”

“काका, दोन लाख लोकांनी बघितलंय.”

“भरलेला हशा.” त्यांनी वही उघडली, तारीख टाकली. “तू त्या पोराला मेल टाक. मूळ रेकॉर्डिंग मागव, न कापलेलं.”

“कशाला?”

“तपासायला,” काका म्हणाले, आणि हिरव्या पेनाचं टोपण काढलं.