उजव्या कोपऱ्यात चित्र

तुमच्या व्हॉट्सॲपवरही एक नाना असणारच. इतरांचे नाना सकाळी सहाला सूर्योदय आणि सुविचार पाठवतात. आमचे नाना स्वतःचं चित्र पाठवतात. चित्रापुढं नाना स्वतः उभे असतात, त्यामुळं चित्र फारसं दिसत नाही. खाली ओळ : ‘आपल्या आशीर्वादाने आणखी एक कलाकृती’. हा आशीर्वाद आपण कधी दिला हे आठवेपर्यंत दुसरा मेसेज येतो, ‘पाहिलंत?’ आणि चुकून निळ्या खुणा उमटल्या असतील तर थेट फोनच.

नाना चित्रकार आहेत. नुसतं ‘चित्रकार’ त्यांना पुरत नाही, आधी काहीतरी लागतं. हयातभर त्यांनी शाळेत ड्रॉइंग शिकवलं. पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, गॅदरिंगचे पडदे रंगवले, फळ्यावर रंगीत खडूनं सुविचार लिहिले. गणिताचा पोर्शन मागं पडला की पहिला बळी त्यांच्याच तासाचा जायचा. निवृत्तीला शाळेनं शाल-श्रीफळ दिलं आणि त्या शालीच्या घडीतच ‘ड्रॉइंगचे सर’ गेले. पुढच्या महिन्यात जे लेटरहेड छापून आलं त्यावर ‘आंतरराष्ट्रीय ख्यातीचे’ होतं. मुलीकडं न्यू जर्सीला गेले असताना तिथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात त्यांनी चार चित्रं टेबलावर मांडली होती. दोन देश झाले, म्हणजे आंतरराष्ट्रीयच की.

पण मला सांगायचंय ते सहीबद्दल.

माझ्याकडं नानांचं एक जुनं जलरंगचित्र आहे. मेणवलीचा घाट. तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक जलरंगवाल्यानं एकदा तरी काढलेला असतो, तसा नानांनीही काढलाय. त्यात सही शोधायला चष्मा लागतो. पायरीच्या फटीत गवत उगवावं तशी ती कुठंतरी आहे. पुढच्या काही वर्षांत सही गवतातून बाहेर आली. मग तांबडी झाली. मग तिच्याखाली एक रेघ आली, रेघेखाली दोन टिंबं, टिंबांपुढं साल, सालापुढं ‘पुणे’. निवृत्तीनंतरच्या मेणवलीत ती नदीत उतरली. आता कृष्णेचं निम्मं पात्र सहीनं अडवलंय आणि घाट राहिलाय कडेला. मी वहिनींना म्हटलं, ‘‘नवीन चित्र छान आहे.’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘आहे ना? सहीच्या उजव्या कोपऱ्यात बघा, तिथं असेल.’’

ही सही चित्रावर थांबत नाही. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर, गॅसच्या पावतीवर, सोसायटीच्या हजेरीपटावर नाना सही करतात तेव्हा आधी मनगट हवेत दोनदा फिरवून घेतात. कुरियरवाला पोरगा बिचारा मोबाईल पुढं करतो, ‘काका, बोटानं सही करा’, आणि मग जिन्यात ताटकळतो. एकदा तर नानांचा चेकच परत आला. शेरा : सही जुळत नाही. नाना मला घेऊन बँकेत गेले. कारकून बाईंनी कॉम्प्युटरवर 1984 सालचा नमुना दाखवला. गवतातली सही.

‘‘ही जुळणार कशी?’’ नाना म्हणाले. ‘‘ती माझ्या सुरुवातीच्या काळातली आहे. मधे शैली बदलली ना!’’

‘‘शैली नकोय, नमुना हवाय,’’ बाई म्हणाल्या आणि नवीन कार्ड पुढं केलं. ‘‘चौकटीत करा.’’

‘‘चौकटीत आम्ही कधीच काम केलं नाही.’’

चार कार्डं वाया गेली. पाचव्यावर चौकट बसली एकदाची, म्हणजे सहीच्या आत बसली.

प्रदर्शन असलं की नानांच्या अंगात भाट संचारतो. बातमी ते स्वतःच लिहितात, तृतीयपुरुषी. ‘ख्यातनाम चित्रकार नाना यांच्या चित्रांना रसिकांनी अलोट गर्दी करून दाद दिली’ ही बातमी वर्तमानपत्राच्या कचेरीत उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पोचते. बालगंधर्वच्या कलादालनात त्यांचं प्रदर्शन असतं तेव्हा ती अलोट गर्दी मी असतो. कधी कधी नाटकाच्या मध्यंतरात कुणी स्वच्छतागृह शोधत आत येतं. नाना त्याच्याही हातात अभिप्रायाची वही देतात. पुरस्कारांचं तर विचारू नका. ‘आपली निवड झाली आहे’ असं पत्र येतं आणि त्यासोबत नोंदणीशुल्काचा क्यूआर कोड. घरात सन्मानचिन्हं इतकी झालीत की वहिनी त्यातलं एक दार अडवायला वापरतात. हल्ली भाचा रील काढून देतो. त्यात नाना पाठमोरे, मागं बासरी, आणि शेवटची सात सेकंदं नुसती सही.

एकदा मी न राहवून म्हटलं, ‘‘नाना, जुने लोक बघा. अजिंठ्याच्या चित्रकारांनी कुठं नाव टाकलं? केवढी ती विनम्रता!’’

वाटलं होतं, गप्प बसतील. नाना उसळलेच. ‘‘विनम्रता कसली! विचारलं कुणी त्यांना? सोळा नंबरच्या लेण्यात जा. तिथं मोठा शिलालेख आहे. हे लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं दान दिलं. म्हणजे पैसे देणाऱ्याचं नाव आहे. मग दहाव्यात जा. तिथं जॉन स्मिथ नावाच्या साहेबानं नाव कोरलंय, 28 एप्रिल 1819. शिकारीला आला होता. समोर चित्र दिसलं, त्यावरच खरवडलं. म्हणजे नासवणाऱ्याचंही नाव आहे. अख्ख्या अजिंठ्यात नाव नाही ते फक्त काढणाऱ्याचं. आणि वर तुम्ही त्याच्या विनम्रतेचं कौतुक करणार!’’

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आपल्याला उत्तर सुचत नाही हे नानांना नेमकं कळतं. लगेच ते तुकोबांवर आले. म्हणाले, ‘‘संत झाले म्हणून काय झालं, प्रत्येक अभंगाखाली ‘तुका म्हणे’ आहेच ना? त्याला तुम्ही नाममुद्रा म्हणता. माझ्या वेळी मात्र जाहिरात!’’ तिथून गाडी रविवर्म्यावर. रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत छापखाना काढला म्हणून त्याचे देव भिंतीभिंतीवर गेले, आणि देवाबरोबर रविवर्माही गेला. पंढरपूरचा हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवायचा. नंतर अनवाणी हिंडायला लागला, तर त्याच्या पायांच्याही बातम्या झाल्या. कोल्हापूरचे बाबूराव तर घराण्यानं मेस्त्री, पण ‘पेंटर’ हे आडनावच करून टाकलं त्यांनी. घराण्याचं आडनाव पुसून कामाचं लावायचं, हे त्या काळात! हे सांगताना नानांचा आवाज जरा चढला. त्यांच्या वडलांनी त्यांना जे.जे.ला पाठवलं नव्हतं. ‘पाट्या रंगवायच्यात का जन्मभर?’ असं म्हणून डी.एड.ला घातलं होतं. ड्रॉइंग मास्तरचा डिप्लोमा त्यांनी नोकरी करता करता, बाहेरून केला.

‘‘आणि गायतोंडे?’’ मी शेवटचा बाण काढला.

वासुदेव गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनच्या बरसातीवजा खोलीत राहिले, फारसे कुणाला भेटले नाहीत, वर्षाकाठी मोजकी चित्रं काढली. 2001 साली गेले. 2015च्या डिसेंबरात मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र 29 कोटींच्या वर गेलं. रील नाही, लेटरहेड नाही.

नाना जरा थांबले. मग म्हणाले, ‘‘गायतोंडे बोलले नाहीत, त्याला मौन म्हणतात. मी बोललो नाही तर त्याला काय म्हणतील? नाना आजारी आहेत का, असं विचारतील. तेही एखादाच.’’

पुढचं ते माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त बोलत होते. आबालाल रहमानांना शाहू महाराज होते. औंधचे पंतप्रतिनिधी तर स्वतःच चित्रं काढायचे आणि दुसऱ्यांची घ्यायचे, त्यासाठी त्यांनी म्युझियम बांधलं. दिवाळी अंकाचे संपादक चित्रकाराच्या घरी खेटे घालायचे. म्हणजे चित्रकारानं चित्र काढायचं, राजानं पैसे द्यायचे, भाटानं नाव घ्यायचं. तीन माणसांचं काम होतं हे. ‘‘आता राजाही मीच,’’ नाना म्हणाले, ‘‘पेन्शनच्या पैशांवरचा. भाटही मीच. दिवस त्यातच जातो. चित्र रात्री काढतो.’’

चित्र काढताना नाना बघण्यासारखे असतात, हे कबूल करायलाच हवं. त्या वेळी तोंड बंद असतं हे एक, आणि हात. आधी कागद ओला करतात, फळी जराशी तिरपी धरतात आणि वरून फिकट निळ्याचा एक हात मारतात. रंग आपला आपण खाली येतो. तो कुठं थांबणार हे त्यांना ठाऊक असतं. तिथं ते ब्रशचं टोक टेकवून जास्तीचं पाणी टिपून घेतात. पांढरा रंग ते वापरतच नाहीत. घाटावर ऊन दाखवायचं तर तेवढा कागद कोरा ठेवतात. सगळ्या जगाला स्वतःनं भरून टाकू बघणारा हा माणूस कागदावर मात्र जागा सोडत जातो. पाण्यात घाटाचं प्रतिबिंब उमटतं तेव्हा आपण पुढं सरकतो, आणि नेमक्या त्याच वेळी नाना जाड ब्रश तांबड्यात बुचकळतात.

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या कंपाउंडवर चित्र काढायचं ठरलं. रस्त्याकडची लांब भिंत, पानाच्या पिचकाऱ्यांनी आधीच निम्मी रंगलेली. सेक्रेटरी म्हणाले, ‘‘नाना, मानधन काही नाही, पण तुमचं नाव होईल.’’ नाना महिनाभर उन्हात खपले. भिंतभर वारी काढली. पताका, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बायका, रिंगणातला घोडा. मी रोज जाता-येता बघत होतो. घोडा खरोखर दौडत होता. शेवटच्या दिवशी निरोप आला, सही नको, सोसायटीच्या भिंतीवर वैयक्तिक नाव नियमात बसत नाही. दुसऱ्या सकाळी वारीच्या डोक्यावर पाटी लागली. हात जोडलेला फोटो आणि ‘मा. नगरसेवक यांच्या संकल्पनेतून व विकासनिधीतून’. विकासनिधीतला एक रुपया नानांच्या रंगाला लागलेला नव्हता. आठवडा गेला आणि घोड्याच्या पोटावर कुणीतरी खिळ्यानं एक बदाम कोरून त्यात दोन नावं घातली.

नाना माझ्याकडं आले. हातात रंगाचा डबा. चिडलेले नव्हते; उलट चेहऱ्यावर अजिंठा जिंकल्याचं समाधान होतं. ‘‘वराहदेव झाला,’’ ते म्हणाले, ‘‘जॉन स्मिथही येऊन गेला. शिडी धरायला चला.’’

रात्री अकराला मी शिडी धरली. वर चढून नानांनी मनगट हवेत दोनदा फिरवलं आणि खाली बघून विचारलं, ‘‘केवढी करू?’’

‘‘घोड्याएवढी करा,’’ मी म्हटलं. ‘‘थोडी मोठीच.’’

सही संपत आली होती, फक्त दोन टिंबं राहिली होती, तेवढ्यात वॉचमन टॉर्च घेऊन धावत आला. नवीनच लागलेला होता.

‘‘ओ काका, कुणाच्या परवानगीनं? नाव काय तुमचं?’’

‘‘समोर लिहिलंय ना एवढं! वाच.’’

त्यानं टॉर्च भिंतीवर फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत.

‘‘हे होय? मला वाटलं, रंग सांडला.’’ मग काखेतलं रजिस्टर उघडून त्यानं नानांपुढं धरलं. ‘‘नाव टाका आणि सही करा. आणि चौकटीत करा काका, खाली दुसऱ्यांची यायचीत.’’