तात्पुरत्या तंबूंच्या कायमच्या भक्तांस

सरोजिनी नगर, नवी दिल्ली येथील तमाम सहलनियोजकांस,


आपला कार्तिकातल्या सहलीचा बेत कळला, आनंद झाला. तळ्याकाठच्या वाळूच्या टेकड्या, ‘प्रायव्हेट बीच’, दोन रात्री स्विस तंबूत मुक्काम, तंबूत पलंग, गरम पाणी आणि माणूसभर उंचीचा आरसा. दिल्लीपासून चारशे किलोमीटरवर, राजस्थानातल्या पुष्करला, हे सगळं हात जोडून उभं आहे असं ज्याने तुम्हाला पटवलं, त्याच्या जिभेला दाद दिली पाहिजे. पुष्करला तळं आहे, वाळू आहे, तंबू तर उदंड आहेत. बीच तेवढा ब्रह्मदेवाकडून राहून गेला. तळ्याला बावन्न घाट आहेत, तिथे चपला काढून उतरायचं असतं. गावात मांस, अंडी, दारू वर्ज्य. तेव्हा फुटपाथवर तासभर घासाघीस करून घेतलेले ते पोहण्याचे पोशाख नक्की कुठल्या घाटावर चढवणार, हे ब्रह्मदेवच जाणे. तंबूतलं झुंबर, रात्रीचा डीजे आणि ऐषारामी तंबूमुक्कामाला दिलेला ‘ग्लॅम्पिंग’ हा घशात अडकणारा शब्द, यांच्यावरही लिहिता येईल, पण ते सोडून देतो. माझं भांडण तुमच्या तंबूवाल्याच्या एकाच शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे ‘तात्पुरतं’.

पक्कं बांधकाम काहीच नाही हो, हंगाम सरला की गुंडाळून टाकतो, असं तो सांगतो आणि आपण निर्धास्त होतो. हॉटेल म्हटलं की आपल्याला नकाशा, परवाना, सांडपाणी असं काय काय आठवतं. कापड म्हटलं की फक्त वारा आठवतो. पण त्या कापडाची कड जरा उचलून बघा. गालिच्याखालची वाळू सपाट केलेली असते, कारण उतारावर पलंग डुगडुगतो. मागच्या बाजूला कमोड असतो, आणि कमोड वाळूवर तरंगत नाही. त्याला चौथरा लागतो, चौथऱ्यातून नळी जाते आणि नळी कुठल्या तरी खड्ड्यात संपते. पाण्याची टाकी आली, तिच्यासाठी टँकर आला, टँकरसाठी रस्ता झाला, जनरेटर आला. हंगाम संपल्यावर गुंडाळलं जातं ते कापड. बाकीचं पुढच्या कार्तिकाची वाट बघत तिथेच पडून राहतं. आणि वाळूची टेकडी म्हणजे कुणीतरी ओतून ठेवलेला ढीग नव्हे. वाऱ्याने आणलेला कण झुडपाच्या मुळाशी अडकतो, त्यावर दुसरा अडकतो, असं करत ती वर्षानुवर्षं उभी राहते. झुडूप उपटून माथा सपाट केला की धरून ठेवलेली वाळू मोकळी होते आणि वाऱ्यापावसाबरोबर उताराला लागते. पुष्करला उतार कुठे जातो, हे सांगायला भूगोलाचा मास्तर नको. सुमारे २२ हेक्टरचं तळं, त्याला पाणी पुरवणारं सुमारे २२ चौरस किलोमीटरचं पाणलोट, आणि भोवती डोंगर नि वाळू. ताटलीच्या कडेचं सगळं शेवटी तळाशीच जायचं. २००९च्या कार्तिकातल्या पुष्कर मेळ्यात हे तळं कोरडं पडलं होतं आणि कार्तिकी स्नान बांधीव कुंडांतल्या पाण्यावर उरकावं लागलं. ते तंबूंनी आटवलं असं म्हणणार नाही, कारण ते खोटं ठरेल. पाऊस कमी होता, गाळ पिढ्यानपिढ्यांचा होता, आणि डोंगरावरची झाडं तोडली तेव्हा ग्लॅम्पिंग जन्मालाही आलं नव्हतं. पण ज्याची दुखणी इतकी जुनी, त्याच्या उशाशी आणखी वाळू मोकळी करायला निघालेल्याने निदान ‘तात्पुरतं’ म्हणू नये.

हा शब्द पुष्करपुरता नाही. वाराणसीला घाटांसमोरच्या वाळूवर जानेवारी २०२३मध्ये थाटात तंबूनगरी उभी राहिली. ती वाळू एकेकाळच्या कासव अभयारण्याच्या पट्ट्यातली. १९८९मध्ये घोषित झालेलं ते अभयारण्य २०२०मध्ये यादीतून काढून टाकलं गेलं होतं. म्हणजे कासवांचं संरक्षण निघालं तात्पुरतं. तंबूंचं प्रकरण पुढे राष्ट्रीय हरित लवादासमोर गेलं, आणि प्रश्न निघाले ते सांडपाण्याचे आणि परवानग्यांचे. अगदी एखाद्या हॉटेलला विचारावेत तसेच.

यावर तुमचा आक्षेप मला आधीच ऐकू येतो, आणि तो बिनतोड वाटावा असा आहे: पुष्करचा मेळाच मुळी तंबूंचा, लाखो माणसं नि जनावरं त्याच वाळूवर उतरतात, मग आमच्या चार तंबूंनी काय घोडं मारलं? घोडं नाही मारलं, उंटाची जागा घेतली. मेळ्यात येणाऱ्या रायका-रेबारी उंटपाळाचा मुक्काम कसा असतो ते बघा. एक गोधडी, तीन दगडांची चूल, सरपण म्हणून वाळलेल्या लेंड्या. तो निघून गेला की मागे राख राहते आणि उंट बसल्याचे उथळ खळगे, तेही वारा आठवड्याभरात बुजवतो. मेळा स्वच्छ असतो असा माझा दावा नाही. पण त्यातला उंटवाला खरोखरच तात्पुरता असतो. आणि मेळ्याच्या मैदानाच्या कडेने कुंपणं वाढत गेली तेव्हा मागे सरकावं लागलं ते त्यालाच, कारण उंट आरक्षण करत नाही. २०१२च्या पशुगणनेत देशात सुमारे चार लाख उंट होते, २०१९मध्ये अडीच लाख. याला तंबू एकटे जबाबदार नाहीत. चराऊ राने गेली, ट्रॅक्टर आले, शिवाय राजस्थानाने २०१४मध्ये उंटाला राज्यप्राणी केलं आणि २०१५मध्ये त्याला राज्याबाहेर नेण्यावर कायद्याने असे निर्बंध घातले की गिऱ्हाइकच आटलं. मग हा गडी मेळ्यात काय करतो? गळ्यात गोंड्यांच्या माळा घातलेला उंट घेऊन तुमच्या तंबूसमोर उभा राहतो, फोटोसाठी. तेवढाच स्थानिकांना रोजगार, हेही तुम्ही म्हणणारच आहात. खरं आहे, रोजगार आहे. ज्याचा कळप होता त्याला एका उंटाच्या लगामावर आणून ठेवणं याला रोजगारच म्हणतात.

मराठी माणसाला पुष्कर परकं नाही. शेजारचं अजमेर १८१८पर्यंत शिंद्यांकडे होतं आणि अहिल्याबाई होळकरांनी पुष्करला धर्मशाळा बांधल्याची नोंद आहे. धर्मशाळा पक्की होती आणि स्वतःला पक्कीच म्हणवत होती. प्रामाणिक इमारत.

राहता राहिलं तुमचं सरोजिनी नगर. तात्पुरतं म्हणजे काय याचं जगातलं उत्तम विद्यापीठ तुमच्या क्वार्टरपासून पाच मिनिटांवर आहे. ताडपत्रीवर कपड्यांचा ढीग, त्यामागे उभा पोरगा, एक डोळा गिऱ्हाइकावर नि एक रस्त्याच्या टोकावर. ‘कमेटी’ची, म्हणजे नगरपालिकेची, गाडी आल्याची कुजबुज झाली की तो ताडपत्रीचे चारी कोपरे एका मुठीत धरतो, गाठोडं खांद्यावर टाकतो आणि गल्लीत दिसेनासा होतो, फुटपाथ असा मोकळा, जणू कुणी कधी नव्हतंच. त्याच्या पायाखाली चौथरा नाही, नळी नाही, खड्डा नाही. तरी अतिक्रमण कुणाचं? त्याचं! तुमच्याच वसाहतीतल्या सुमारे दोनशे झोपड्या पाडायची तयारी झाली तेव्हा एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडून स्थगिती द्यावी लागली. वर्षानुवर्षं तिथे राहून शहराची धुणीभांडी करणाऱ्याचं छप्पर ताडपत्रीचं, म्हणून ते बेकायदा; दोन रात्रींसाठी येणाऱ्याचं छप्परही कापडाचं, म्हणून तो ‘अनुभव’. कापड तेच, फक्त आतल्या माणसाचा पगार वेगळा. याची लाज कुणालाच कशी वाटत नाही? आणि हे बाजारात रोज बघणाऱ्या तुम्हाला तंबूवाल्याचं ‘तात्पुरतं’ ऐकून हसूही कसं फुटत नाही?

इथे माझा आवाज चढला, क्षमा असावी. कारण तुमच्यावर रागावणं सोपं नाही. जून २०१८मध्ये दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासासाठी सोळा हजारांहून अधिक झाडं जाणार असं कळलं तेव्हा याच सरोजिनी नगरात माणसं झाडांना मिठ्या मारून उभी राहिली होती. तेव्हाही एक गोड शब्द होता: भरपाई. एका झाडामागे दहा रोपं. आकडेमोडीत तोटा कुणाचाच नव्हता, फक्त जांभळाखालची सावली रोपाखाली पडत नाही, हे सरकारी कागदाला ठाऊक नव्हतं. उच्च न्यायालयाने हात थांबवला, वाद लांबला; पण अंगणाची दुमजली क्वार्टरं गेली, सुमारे १३,००० घरांच्या जागी २५,०००हून अधिक घरांचा हिशेब मांडला गेला. वर दरसाल दिवाळीनंतर धुराचं ते करडं झाकण. अशा माणसाला दोन रात्री चांदण्या बघाव्याशा वाटल्या तर त्यात कसला गुन्हा? तुमचं आकाश आधी काढून घेतलं, आता तेच भाड्याने देतायत. म्हणून तर आश्चर्य वाटतं. ‘भरपाई’ ऐकून झाडाला मिठी मारणारा माणूस ‘तात्पुरतं’ ऐकून आगाऊ रक्कम भरतो.

तेव्हा जा, जरूर जा. गावात साध्या खोल्या मिळतात, धर्मशाळा आहेत, त्यांच्या सांडपाण्याचा जाब विचारायला निदान दार तरी आहे. टेकडीवर संध्याकाळी चालत जा, अंधार पडला की चालत परत या. चांदण्यांना तंबूचं तिकीट लागत नाही.



ता. क. त्या पोहण्याच्या पोशाखांचं काय ते लवकर ठरवा. बाजार सोमवारी बंद असतो, आणि मंगळवारी तोच पोरगा त्याच जागी असेल याची खात्री नाही. असला, तरी विकलेला माल तो परत घेत नाही.